दगड बघून झाले, मैदान कधी बघणार?

सेमिस्टरच्या परीक्षा संपत आल्या की कॉलेजच्या ग्रुपवर एक पोस्टर हमखास पडतं. वर हंपीचा दगडी रथ, खाली ‘४ दिवस ३ रात्री’ आणि त्याखाली ठिकाणांची रांग : विजापूर, ऐहोळे, पट्टदकल, बदामी, हंपी. नाश्ता, जेवण, गाइड सगळं धरून. दहा मिनिटांत ‘मी इन’, ‘मी पण इन’ सुरू होतं. तुम्हीही यंदा ‘इन’ असाल तर पैसे भरण्याआधी एक काम करा. ट्रिप ठरवणाऱ्या दादाला किंवा ताईला विचारा, ‘तालिकोटची लढाई झाली त्या नदीकाठी बस थांबणार आहे का?’

बहुतेक उत्तर येईल, ‘तिथे बघण्यासारखं काही नाहीये.’

उत्तर खरं आहे. तिथे महाल नाही, रथ नाही, तिकीटखिडकी नाही. कृष्णा नदी आहे, काळी जमीन आहे आणि शेतं आहेत. तरीही माझं म्हणणं असं की चार दिवसांच्या या टूरमधलं सगळ्यात महत्त्वाचं ठिकाण तेच आहे. ते वगळून हंपी बघणारे अर्धीच गोष्ट घेऊन घरी येतात. आणि इतिहासातली अर्धी गोष्ट पुढे काय काय करते, हे तुम्ही रोज फोनवर बघताच.

हंपीत गेल्यावर काय होतं ते सांगते. पहिले दोन तास सगळे नुसते ‘भारी’, ‘कमाल’ करत फिरतात. तुंगभद्रेचा काठ, डोंगरासारखे रचलेले गोल धोंडे, विरूपाक्षाचं गोपुर, समोरचा लांबच लांब बाजार. १५२० च्या सुमारास इथे आलेल्या दोमिंगो पाइश या पोर्तुगीजाला हे शहर रोमएवढं वाटलं होतं. मग हळूहळू पडक्या भिंती, फुटलेले हात, रिकामे गाभारे दिसायला लागतात आणि कुणीतरी तो प्रश्न विचारतंच, ‘हे सगळं पाडलं कुणी?’ गाइडकाका एका वाक्यात उत्तर देतात, ‘पाच सुलतान एकत्र आले, तालिकोटला लढाई झाली, राज्य संपलं.’ पुढच्या थांब्यावर नारळपाणी.

हे एक वाक्य टूरची आठवण म्हणून प्रत्येकाच्या बॅगेत जातं. रीलची कॅप्शन होतं. पुढे कधीतरी कुणाला तरी ऐकवण्यासाठी, वादात फेकून मारण्यासाठी वापरलं जातं. आणि त्या वाक्यात गोष्टीचा जीवच नाही. सुलतान पाच नव्हते, चार होते. अहमदनगरचा हुसेन निजामशहा, विजापूरचा अली आदिलशहा, गोवळकोंड्याचा इब्राहिम कुतुबशहा आणि बिदरचा बरीदशहा. वऱ्हाडची इमादशाही या लढाईपासून लांब राहिली. राज्यही त्या दिवशी संपलं नाही. राजधानी पेनुकोंड्याला हलली आणि राज्य आक्रसत का होईना, पुढे बरीच वर्षं चाललं.

पण सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच. हंपीत लढाई झालीच नाही.

हे नीट डोक्यात घ्या, कारण हंपीत उभं राहून ते अजिबात कळत नाही. पडझड इथे दिसते, म्हणून आपण गृहीत धरतो की शत्रू इथे चालून आला, वेढा पडला, तटावर झुंज झाली. प्रत्यक्षात इतके तट असलेलं, डोंगरांनी वेढलेलं हे शहर कुणी लढून जिंकलं नाही. जानेवारी १५६५ मध्ये कृष्णेकाठी, इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, काही तासांत फैसला झाला. मग राजधानीत हरल्याची बातमी आली. रामरायाचा भाऊ तिरुमल परतला, नामधारी राजा सदाशिवरायाला आणि हत्तींवर लादता येईल तेवढा खजिना घेऊन पेनुकोंड्याकडे निघून गेला. मागे राहिली ती माणसं आणि उघडं शहर. दिओगो द कूतो या पोर्तुगीज इतिहासकाराने लिहिलंय की सुलतानांचं सैन्य पोहोचायच्या आधीच आजूबाजूच्या टोळ्यांनी लुटायला सुरुवात केली होती. मग सैन्य आलं आणि त्याने कित्येक महिने मुक्काम ठोकला.

म्हणजे हंपीचे अवशेष हा या गोष्टीचा शेवट आहे. शेवट बघायला आपण चार दिवस देतो आणि मधल्या घटनेसाठी अर्धा दिवसही नाही.

आता बस पुण्याहून निघाली असं धरा आणि वाटेतलं बघत चला. पहिला थांबा सोलापूर. चहासाठी थांबतो, चादरी घेतो, निघतो. शहराच्या मध्यावर जो भुईकोट आहे ना, तो या लढाईच्या गोष्टीत थेट येतो. सोलापूरसाठी निजामशाही आणि आदिलशाही वर्षानुवर्षं भांडत होत्या. विजयनगरविरुद्ध एकत्र यायचं ठरलं तेव्हा हे भांडण मिटवणं भाग होतं. ते मिटलं लग्नातून. हुसेन निजामशहाची मुलगी अली आदिलशहाला दिली आणि सोलापूरचा किल्ला हुंड्यात दिला. ती मुलगी म्हणजे चांदबीबी. पुढे ३० वर्षांनी मोगलांपुढे अहमदनगरचा किल्ला लढवणारी तीच ती. शाळेच्या पुस्तकात तिला आपण घोड्यावर बघितलंय. एका राजकीय तहात ती आणि एक किल्ला एकत्र दिले गेले होते, हे कुणी सांगितलं नव्हतं. अलीची बहीणही त्याच तहात अहमदनगरला सून म्हणून आली. दोन लग्नं, एक किल्ला, एक आघाडी. हे सोलापुरात चहा पिताना कळलं तर पुढची लढाई तुम्हाला धर्माच्या ठोकळ्यांत बसवता येत नाही. बसवायचीच असेल तरी जरा जड जातं.

विजापूर. आता अधिकृत नाव विजयपुरा, पण आपल्याकडे तोंडात विजापूरच आहे. गोल घुमट बघायलाच हवा. मुहंमद आदिलशहाची ही कबर, १६५६ मध्ये तो वारला. त्याच्याच कारकिर्दीत शहाजीराजे आदिलशाहीत आले होते. वर चढून सगळे ओरडतात, टाळ्या वाजवतात, प्रतिध्वनी मोजतात. ओरडून झालं की खाली उतरा आणि पश्चिमेच्या तटावरच्या बुरुजावर जा. तिथे मलिक-ए-मैदान ही तोफ आहे. ५५ टनांच्या आसपास वजन, तोंड सिंहाच्या जबड्यासारखं आणि त्या जबड्यात हत्ती चिरडला जातोय. सगळे तिच्यापुढे उभं राहून फोटो काढतात. तोफ ओतली कुठे, हे विचारणारे कमी. १५४९ मध्ये, अहमदनगरला. आजच्या अहिल्यानगरला. तालिकोटच्या लढाईत ती होती असं सांगतात. ती स्वतः होती की नाही हे बाजूला ठेवा. निजामशाहीचा तोफखाना तिथे होता आणि लढाई फिरवली ती त्यानेच, याबद्दल फारसा वाद नाही.

म्हणजे आपण ‘त्यांनी’ विजयनगर पाडलं म्हणतो तेव्हा त्या ‘त्यांनी’त अहमदनगर आहे, सोलापूर आहे. या शाह्यांच्या चाकरीत मराठी सरदार आणि शिलेदार असत. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे निजामशाहीतच वर आले, तेही या लढाईनंतर फार उशिरा नाही. पानिपतला आपण जातो, काळा आंब बघतो, घसा दाटून येतो. तिथेही बघण्यासारखं फार काही नाही, एक स्तंभ आहे. तरी तिथे सहली जातात, कारण तिथे आपण हरलो आणि ते दुःख आपलं आहे. तालिकोटला आपल्या मातीतली माणसं जिंकलेल्या बाजूला असणार. हे दुःखही नाही आणि अभिमानही वाटत नाही. त्याचं काय करायचं ते कळत नाही म्हणून बस थांबत नाही, असं मला वाटतं. नुसतं ‘बघण्यासारखं काही नाही’ हे कारण नाही.

विजापूरहून हंपीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर अलमट्टी लागते. सांगली-कोल्हापूरच्या पोरांना हे नाव वेगळं सांगायला नको. दर पावसाळ्यात ते बातम्यांत असतं. इथून हमरस्ता सोडून पूर्वेला मुद्देबिहाळकडे वळलं की कृष्णेच्या काठावर राक्कसगी आणि तंगडगी ही गावं आहेत. राक्षसतागडी हे लढाईचं मराठी नाव यांच्यावरूनच पडलं. तालिकोट आणखी पुढे, नदीच्या बरंच उत्तरेला. तिथे सुलतानांच्या फौजा गोळा झाल्या होत्या. बन्निहट्टी असंही एक तिसरं नाव आहे. एका लढाईला तीन नावं, कारण ती नेमकी कुठे झाली यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. नदी ओलांडल्यावर दक्षिणेच्या बाजूला कुठेतरी, एवढं नक्की. धरणांमुळे नदीचं पात्रही १५६५ सारखं राहिलेलं नाही.

मग तिथे उभं राहून काय मिळतं? नदीची रुंदी मिळते. तेवढ्याने खूप काही उलगडतं.

रामरायाचं सैन्य दक्षिण काठावर उताराची जागा अडवून बसलं होतं. समोर चौघांच्या फौजा. एवढं सैन्य, हत्ती, तोफा घेऊन शत्रूच्या डोळ्यांसमोर नदी ओलांडणं अशक्य. फिरिश्ता हा विजापूरच्या दरबारातला फारसी इतिहासकार सांगतो की सुलतानांनी दुसरा उतार शोधत असल्याचं नाटक केलं. काठाकाठाने दोन-तीन दिवस चालत राहिले. पलीकडून रामरायाचे लोकही त्यांच्यावर नजर ठेवत चालत राहिले आणि मूळची जागा मोकळी पडली. मग एका रात्री आघाडीचं सैन्य झपाट्याने मागे फिरलं आणि त्याच जागेवरून पार झालं. पुस्तकात ही तीन ओळींची गोष्ट आहे. काठावर उभं राहून पलीकडची माणसं मुंगीएवढी दिसतात ते बघितलं, की त्या तीन दिवसांची भीती अंगावर येते. पलीकडचा शत्रू चालतोय, आपणही चाललं पाहिजे, थांबलो तर संपलो आणि चाललो तरी संपलो.

पुढचं तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. मध्यभागी निजामशहा, एका बाजूला आदिलशहा, दुसऱ्या बाजूला कुतुबशहा. समोर म्हातारा रामराया पालखीत बसून लढाई चालवतोय, दोन भाऊ दोन बाजूंना. सुरुवातीला विजयनगरचंच पारडं जड. मग साखळ्यांनी जोडलेल्या तोफा जवळून डागल्या गेल्या. फिरिश्ता म्हणतो, त्यांत तांब्याच्या नाण्यांच्या पिशव्या भरल्या होत्या. एक हत्ती बिथरून पालखीकडे आला, भोई पालखी टाकून पळाले, रामराया पकडला गेला आणि हुसेन निजामशहाने त्याचं डोकं उडवलं. ते दिसताच सैन्य फुटलं.

आता हा रामराया कोण, तेही बघा. एका जुन्या फारसी इतिहासाप्रमाणे त्याने उमेदवारी केली ती कुतुबशाहीच्या चाकरीत. मग विजयनगरला येऊन तो कृष्णदेवरायाचा जावई झाला. पुढे राजा सदाशिवरायाला नावापुरता ठेवून सगळा कारभार त्याने स्वतःच्या हातात घेतला. त्याच्यावर चालून आलेला इब्राहिम कुतुबशहा तरुणपणी भावाच्या भीतीने पळून आला तेव्हा सात वर्षं विजयनगरमध्येच राहिला होता, रामरायाच्याच आश्रयाला. अली आदिलशहा तर रामरायाचा मुलगा वारल्यावर सांत्वनाला स्वतः विजयनगरला आला होता आणि १५५८ च्या सुमारास दोघांनी मिळून अहमदनगरवर स्वारी केली होती. सात वर्षांत सगळं उलटं फिरलं. रामरायाने या सुलतानांना आळीपाळीने एकमेकांशी झुंजवलं आणि दर वेळी स्वतःचा फायदा काढला. शेवटी त्या सगळ्यांनाच त्याची धास्ती बसली. तुमच्या हॉस्टेलच्या निवडणुकीतही हे बघितलं असेल, फक्त तिथे डोकी जात नाहीत.

इथे कुणीतरी नक्की म्हणणार, ‘म्हणजे शहर लुटलं, देवळं जाळली, हे तू सौम्य करून सांगतेस.’ अजिबात नाही. लूट झाली, जाळपोळ झाली, मूर्ती फुटल्या. विठ्ठल मंदिरातल्या आगीच्या खुणा अभ्यासकांनी नोंदवल्यात. १५६७ मध्ये चेझारे फेदेरीची हा व्हेनिसचा व्यापारी इथे आला, काही महिने राहिला आणि त्याने लिहून ठेवलं की घरं उभी आहेत पण रिकामी आणि त्यांत वाघ फिरतात असं ऐकलं. एवढ्या मोठ्या शहराचं हे झालं. त्याचं दुःख वाटलंच पाहिजे. पण दुःख वाटण्यासाठी गोष्ट सोपी करायची काय गरज आहे? खरी गोष्ट जास्त भयानक आहे. ज्यांनी एकमेकांच्या घरी पाहुणचार घेतला, सुतक पाळलं, त्यांनी हे केलं.

याचा एक पुरावा पुण्यातच आहे. सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ ही सचित्र फारसी पोथी जतन केलेली आहे. आफताबी नावाच्या कवीने हुसेन निजामशहाची स्तुती म्हणून रचलेली, लढाईनंतर लगेचच्या काळातली. तिच्यात या लढाईची चित्रं आहेत, रामरायाच्या शिरच्छेदाचंही आहे. म्हणजे जिंकलेल्या बाजूचा ‘ऑफिशियल’ अल्बम म्हणा. गंमत पुढे आहे. त्या चित्रांत हुसेनची राणी खुंझा हुमायून शेजारी बसलेली होती. हुसेन त्याच वर्षी वारला, राणी कारभार बघू लागली, मग मुलानेच तिला कैद केलं. आणि पोथीतली तिची आकृती नंतर पुसून, रंग फासून टाकली गेली. विजयाचा अल्बमही चार-पाच वर्षांत ‘एडिट’ झाला. हंपीला जायच्या आधी या पोथीबद्दल वाचून जा. दगडांवर विश्वास ठेवायचा की कागदावर, हा प्रश्न मग आपोआप पडतो.

तो प्रश्न बदामी-पट्टदकलला फार कामाला येतो. टूरमधला हा दिवस बहुतेकांना ‘देवळंच देवळं’ वाटतो, कारण इथे हंपीसारखी उद्ध्वस्त शहराची हवा नाही. पण इथल्या देवळांतही लढायाच भरलेल्या आहेत. ऐहोळेच्या मेगुती मंदिरावर ६३४ चा शिलालेख आहे. रविकीर्ती नावाच्या कवीने त्यात दुसऱ्या पुलकेशीचे पराक्रम सांगितलेत, उत्तरेच्या हर्षाला कसं हरवलं ते त्याच्या नावावर कोटी करून सांगितलंय आणि जाता जाता स्वतःला कालिदास-भारवीच्या पंगतीला बसवलंय. त्याच लेखात ९९ हजार गावांच्या तीन ‘महाराष्ट्रकां’चा उल्लेख आहे. मराठी ग्रुप हे ऐकून टाळ्या वाजवतो. ठीक आहे, वाजवा. पण आठच वर्षांनी, ६४२ मध्ये, कांचीच्या पल्लवांनी पुलकेशीची राजधानी बदामीच जिंकली. हे मात्र चालुक्यांच्या कुठल्या प्रशस्तीत मिरवलेलं नाही. ते कळतं बदामीतल्याच एका कातळावर जिंकणाऱ्या पल्लव राजाने कोरून ठेवलेल्या लेखातून. हरलेला गप्प बसतो, जिंकलेला कोरतो.

त्याच्या शंभर वर्षांनी पारडं पुन्हा फिरलं. दुसरा विक्रमादित्य कांचीत शिरला. तिथल्या कैलासनाथ मंदिरात त्याचा कानडी लेख आहे, की देवाची संपत्ती बघितली आणि ती देवाला परत दिली. त्याची राणी लोकमहादेवी हिने या विजयाची आठवण म्हणून पट्टदकलला मोठं मंदिर बांधलं. आजचं विरूपाक्ष मंदिर ते हेच. त्याच्या मुख्य शिल्पीचं नावही तिथे कोरलेलं आहे, गुंड. कांचीची शैली पट्टदकलला आली आणि तिचे धागे पुढे वेरूळच्या कैलासापर्यंत पोहोचले, असं कलेचे अभ्यासक दाखवतात. युद्ध म्हणजे फक्त पाडापाडी, असं ज्यांना वाटतं त्यांनी इथे जरा वेळ काढावा. आणि ज्यांना युद्ध भारी वाटतं त्यांनी बदामीच्या तळ्याकाठी बसून विचार करावा, की १०० वर्षं आलटूनपालटून एकमेकांची शहरं जिंकणाऱ्या दोन्ही बाजू शिवाचीच देवळं बांधत होत्या.

आता हंपीत पोहोचलात की ‘हे कुणी पाडलं’ यापेक्षा दुसरे प्रश्न सुचतात बघा. विठ्ठल मंदिर जळलं, कृष्ण मंदिर मोडलं, तिथे पूजा थांबली. मग विरूपाक्षाचं मंदिर उभं कसं राहिलं? ते तर राजधानीतलं सगळ्यात नावाजलेलं दैवत. इथल्या राजांच्या ताम्रपटांखाली सही म्हणून त्याचंच नाव असायचं. यावर अभ्यासक अजून भांडतात. शहरात अहमद खान नावाच्या अधिकाऱ्याने १४३९ मध्ये बांधलेली मशीद आहे, त्याच्या लेखात तिला ‘धर्मशाळा’ म्हटलंय. राजा होता दुसरा देवराय. लोटस महाल, राणीचं न्हाणीघर ही नावं तर नंतरच्या लोकांनी दिलेली. आपल्याकडे अहिल्यानगरजवळच्या डोंगरावर चांदबीबीचा महाल आहे ना, तो खरं तर सलाबतखानाचा मकबरा आहे. तसंच हे.

विठ्ठल मंदिरात गाइडकाका मराठी ग्रुपला एक गोष्ट नक्की सांगतात. पंढरपूरचा विठोबा इथे आणला होता आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत नेला. ऐकताना डोळ्यांत पाणी येतं, माझ्याही आलं. ही वारकरी परंपरेतली गोष्ट आहे आणि ती तशीच ऐकावी. फक्त ती एक प्रकारची माहिती आहे आणि कातळावरचा लेख ही दुसऱ्या प्रकारची, एवढं मनात ठेवावं. गाइडकाकांना विचारायला लाजू नका, ‘काका, हे कशावरून?’ मी गेले होते त्या टूरवर आमच्यातल्या एका मुलीने दुसऱ्या दिवसापासून दर थांब्यावर हेच विचारायला सुरुवात केली. पहिल्यांदा काका वैतागले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे चहाला गेले तेव्हा ते तिला पुष्करणीच्या पायऱ्यांवर घेऊन गेले आणि दगडांवर कोरलेल्या खुणा दाखवल्या. कुठला दगड कुठे बसवायचा यासाठी गवंड्यांनी घातलेल्या. एरवी त्या दाखवतच नाही म्हणाले, कुणी विचारत नाही.

गाइडला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्याकडे दोन तास असतात, ४० जण असतात, त्यातले १० जण फोनवर. टाळ्या ज्या वाक्याला पडतात ते वाक्य तो उद्याही म्हणणार. त्याची गोष्ट तुम्ही घडवता.

आणि आपण काय घडवू शकतो त्याचा दुसरा नमुनाही आहे. २०१९ मध्ये हंपीत काही तरुणांनी एक दगडी खांब ढकलून पाडला आणि व्हिडिओ व्हायरल झाला. कोर्टाने चौघांना प्रत्येकी ७० हजार रुपये दंड केला आणि खांब पुन्हा उभा करायला लावला. सुलतानांच्या नावाने बोटं मोडत फिरणाऱ्या ग्रुपला मी हे आवर्जून सांगते.

तर ट्रिप ठरवताना दादाशी घासाघीस करा. विजापूरचा एक तास कमी करा, शॉपिंगचा थांबा उडवा, अर्धा दिवस मोकळा होतो. लढाई जानेवारीत झाली होती, तुम्हीही जानेवारीत जा. ऊन बरं असतं आणि रानात शाळू उभा असतो. आदल्या रात्री बसमध्ये कुणीतरी दहा मिनिटं गोष्ट सांगा, नकाशा फोनवर काढून ठेवा, नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. नदीकाठी रील करायचीच असेल तर करा, मात्र फ्रेममध्ये दाखवायला पाण्याशिवाय काही नसेल. काठावर गावातली माणसं भेटली तर बोला. भाषेची अडचण वाटेल, पण त्या भागात मोडकं हिंदी चालून जातं. जेवायला मुद्देबिहाळला थांबा. तिकडे खानावळीला खानावळच म्हणतात. कडक ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, भरली वांगी, वर दही. पोटभर जेवून दोनला निघालात तर उजेड असेपर्यंत ऐहोळे गाठता येतं.